रेघांतले चेहरे: मंडपातल्या प्रदर्शनाच्या प्रकल्प नोंदी (इंदूर, ऑगस्ट 2025)

2 ऑगस्ट, शनिवार

मंडळाच्या बैठकीत काम गळ्यात पडलं. गणपती 27 तारखेला. मंडपाच्या उजव्या कनातीवर मंडळाच्या जुन्या नाटकांचे फोटो लावायचे, 12 पॅनल, प्रत्येक 2 फूट बाय 3 फूट. अहिल्यादेवींच्या जन्माला यंदा 300 वर्षं झाली, म्हणून बाकी सजावट महेश्वरी. बजेट 4000 रुपये, त्यात लाकडी चौकटीसुद्धा.

"फोटो सगळे आहेत, आज रात्री पाठवतो," सचिवकाका म्हणाले, आणि पाठवले. व्हॉट्सॲपवर. अल्बममधल्या फोटोचा मोबाइलने काढलेला फोटो, तोही तीन ग्रुपांतून फिरून आलेला. सगळ्यात मोठा 1600 बाय 1200 पिक्सेल, सगळ्यात लहान 780 बाय 1040. एकात काकांचा अंगठा, दोनांत ट्यूबलाइट. अल्बम मागितला तर तो "पुण्याला मुलीकडे" गेलेला.

780 पिक्सेल 2 फुटांवर ताणले की इंचाला साडेबत्तीस. सगळे चेहरे ओल्या फडक्याने पुसल्यासारखे दिसणार. डोक्यात आलं ते नोटेवरच्या चित्रासारखं काहीतरी: सगळं रेघांचं, सावलीत रेघ जाड, उजेडात बारीक. मूळ फोटो धुरकट असला तरी रेघेची कड धारदार राहील. लॅपटॉप 8 जीबी रॅमचा, फोटोवर काम करायचं सॉफ्टवेअर गिम्प 2.10, कारण ते फुकट आहे आणि मला तेवढंच येतं.

3 ऑगस्ट, रविवार

पहिला प्रयत्न अगदी बाळबोध. 3 पिक्सेल उंचीची टाइल (फोटोभर पुन्हा पुन्हा उमटणारा छोटा तुकडा), एक ओळ काळी, दोन पारदर्शक. ती कॉपी करून पेस्ट ॲज – न्यू पॅटर्न. फोटोवर नवा लेयर, म्हणजे पारदर्शक थर, त्यात बकेट फिलने तो पॅटर्न ओतायचा. भरलंच नाही. नुसता एका कोपऱ्यात ठिपका. चाळीस मिनिटं गेली, मग कळलं की बकेटच्या पर्यायांत 'सारखे रंग भर' चालू होतं. 'पूर्ण निवड भर' केल्यावर एका टिचकीत काम झालं.

मग लेयर मल्टिप्लायवर (खालचं चित्र वरच्याने गडद करणारा मोड), अपारदर्शकता 30 टक्के. पडद्यावर 50 टक्के झूमला फोटोभर लहरी, जणू पाण्यात दगड टाकलाय. वाटलं टाइल चुकली, ती तीनदा नव्याने केली. टाइल बरोबरच होती. 3 पिक्सेलची रेघ निम्म्यावर आली की दीड पिक्सेलची होते, आणि पडद्याला अर्धा पिक्सेल दाखवता येत नाही. 33 टक्क्यांवर तर रेघा अजिबातच गेल्या, नुसता करडा थर उरला. म्हणून रेघांचं काम करताना झूम कायम 100 टक्के, गिम्पमध्ये नुसतं 1 दाबायचं. 'स्क्रीनमध्ये बसवा'वर बघून काहीही ठरवू नका.

लहरी गेल्या तरी परिणाम भिकारच होता. धुरकट फोटोसमोर चाळणी धरली तर फोटो काही स्पष्ट होत नाही. ही वाट सोडली. रविवार गेला.

5 ऑगस्ट, मंगळवार

बँकेतून आल्यावर रात्री 9 ते 12. रेघ प्रकाशाप्रमाणे जाड-बारीक व्हायची तर टाइल नुसती काळी-पांढरी चालत नाही, ती मऊ लागते: काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत चढणारी आणि परत उतरणारी.

आधी ग्रेडियंट टूलने 'त्रिकोणी लाट' लावून थेट 6 पिक्सेल ओढून पाहिलं. हात एक पिक्सेल बाजूला सरकला आणि सगळ्या रेघा नऊ-दहा अंशांनी कलल्या. कंट्रोल दाबून सरळ ओढलं तर अंतर कधी 6, कधी सव्वासहा. फोटो पॅनलसाठी मोठा करून 2400 बाय 3600 पिक्सेलचा केलाय, एवढ्या उंचीत तेवढ्याने फरक पडतो. शेवटी टाइल हाताने. 12 उंचीची, प्रत्येक ओळीचा करडेपणा असा (0 म्हणजे काळा, 255 म्हणजे पांढरा):

0, 43, 85, 128, 170, 213, 255, 213, 170, 128, 85, 43

ब्रशने काढू नका, पेन्सिलने काढा. ब्रशची कड विरघळते आणि शेजारच्या ओळीत घाण होते. मी पहिली टाइल ब्रशनेच केली होती.

खाली करडा केलेला फोटो, वर ही टाइल भरलेला लेयर, आणि लेयरचा मोड हार्ड मिक्स. हार्ड मिक्स वरचा आणि खालचा आकडा मिळवतो. बेरीज 255 किंवा वर गेली तर पांढरं, नाहीतर काळं. गालाच्या उजेडात टाइलची फक्त सगळ्यात काळी ओळ काळी राहते, फेट्याच्या सावलीत उलट फक्त एखादी पांढरी उरते. साडेअकराला एका काकांचा राजाच्या वेशातला चेहरा त्या रेघांतून वर आला आणि मी एकटीच "आई गं!" म्हणाले. मिशी तर मूळ फोटोपेक्षा बरी दिसत होती.

7 ऑगस्ट, गुरुवार

सकाळी ताज्या डोळ्यांनी पाहिलं तर तीन दोष.

एक, कपाळावर रेघ पूर्ण नाहीशी आणि कोटावर सगळं डांबर. लेव्हल्समध्ये (फोटोतला काळे-पांढरेपणा ठरवायची जागा) खालच्या पट्टीवर, म्हणजे आउटपुटला, 25 आणि 230 ठेवलं. आता फोटोत अगदी काळं किंवा अगदी पांढरं काही उरतच नाही, म्हणून रेघ कुठेही मरत नाही आणि कुठेही शेजारणीला चिकटत नाही.

दोन, रेघांच्या कडांना केस फुटलेले. जेपीजी फोटो 8 बाय 8 पिक्सेलच्या चौकड्यांत दाबला जातो. फोटो सातपट मोठा केला की त्या चौकड्याही सातपट होतात आणि रेघ प्रत्येक चौकडीच्या कडेला दचकते. मोठा केल्यावर 8 पिक्सेलचा गॉशियन ब्लर दिला आणि मगच रेघा. धुरकट फोटो आणखी धुरकट करायला जीव होत नाही, पण धार रेघेची असते, फोटोची नाही. तपशील काहीच गेला नाही.

तीन, गालावर पायऱ्या. 12 ओळींच्या टाइलमध्ये करड्याच्या फक्त 7 छटा, त्यामुळे रेघ दोन-दोन पिक्सेलच्या उड्या मारते. टाइल 24 ओळींची केली (0, 21, 43, 64, 85, 106, 128, 149, 170, 191, 213, 234, 255 आणि तसंच परत) आणि फोटो दुप्पट, 4800 बाय 7200. छापल्यावर रेघांमधलं अंतर तेच, 3 मिलिमीटर. 25-230 च्या हद्दीत आता सगळ्यात बारीक काळी रेघ 3 पिक्सेलची आणि सगळ्यात बारीक पांढरी फटही 3 चीच. लॅपटॉपचा पंखा मात्र रिक्षासारखा घरघरतोय.

9 ऑगस्ट, शनिवार, राखी

सगळे घरी, म्हणून चार पॅनल दाखवले. एकेकट्या फोटोंचं कौतुक झालं. मग 'संपूर्ण संच' असा ग्रुप फोटो उघडला. शेजारच्या काकू त्या नाटकात होत्या. दोन मिनिटं पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "यात मी कोणती गं? मला तर सगळ्या सतरंज्या दिसतायत."

बरोबर होतं त्यांचं. त्या फोटोत एक चेहरा उंचीला 50 पिक्सेल. पॅनलवर तो होतो सव्वाचार सेंटिमीटर, त्यात बसतात जेमतेम 14 रेघा. 14 रेघांत दोन डोळे, नाक, नथ आणि ओठ कसे मावणार?

रात्री एकच चेहरा वेगवेगळा कापून पाहिला. 14 रेघा: माणूस आहे एवढंच कळतं. 25: खोलीच्या पलीकडून ओळख पटते, जवळून नाही. 40 च्या आसपास: दोन्हीकडून पटते. म्हणजे 3 मिलिमीटरच्या रेघांना चेहरा पॅनलवर निदान 12 सेंटिमीटरचा हवा. याहून लहान चेहऱ्याला हा प्रकार लावू नये, रेघ बारीक करून तर मुळीच नाही (का, ते पुढच्या नोंदीत).

12 पैकी 8 फोटो एक-दोन माणसांपर्यंत कापले. उरलेले 4 ग्रुप फोटो रेघांशिवाय, 8 बाय 12 इंचांचे मधोमध ठेवायचे आणि रेघा फक्त भोवतालच्या मोकळ्या जागेत. लेयर मास्कमध्ये (लेयरचा कुठला भाग झाकायचा ते ठरवणारा पडदा) मधला चौकोन काळा केला की झालं.

11 ऑगस्ट, सोमवार

सगळ्यात महागडी चूक. एकच तुकडा छापून बघायचा सोडून उत्साहात चार पॅनल एकदम फ्लेक्सवर छापून घेतले. 24 चौरस फूट, 15 रुपयांनी 360.

दुकानातल्या भियाने उलगडलं आणि स्वतःच म्हणाला, "दीदी, ये तो लहर मार रहा है." चारही पॅनलवर साधारण दर इंचाला एक फिकट आडवा पट्टा. उजेडातल्या बारीक रेघा मधूनमधून बेपत्ता.

त्याच्याशी भांडण्याऐवजी त्याच्या शेजारी स्टूल टाकून बसले आणि म्हटलं, कसं करता ते दाखवा. त्याने माझी फाइल उघडली, दुमडपट्टीसाठी चारी बाजूंनी एक-एक इंच ताणून 26 बाय 38 केली आणि 72 डीपीआयला (इंचाला 72 पिक्सेल) जेपीजी काढून मशीनला दिली. ते सगळ्यांच्याच फाइलींना करतो. लग्नाच्या आणि वाढदिवसाच्या फ्लेक्सला काही फरक पडत नाही. माझे 7200 पिक्सेल मात्र 2736 झाले. 24 ची टाइल झाली 9.12 ची. दशांशाचे ते 12 साचत जातात आणि दर आठ रेघांनी एक पिक्सेल इकडचा तिकडे होतो. आठ रेघा म्हणजे इंचभर. लहरीचा हिशोब तिथेच लागला. रेघा आणखी बारीक असत्या तर काय झालं असतं, याचा विचारही नको.

दोष त्याचाही नाही. मी विचारलंच नव्हतं की शेवटचं माप किती आणि किती डीपीआयला. हे पहिल्या दिवशी फोनवर दोन मिनिटांत कळलं असतं.

आता नवं माप: दुमडपट्टीसकट 26 बाय 38 इंच, 72 डीपीआय, म्हणजे 1872 बाय 2736 पिक्सेल. काम त्याच्या बरोबर दुप्पट, 3744 बाय 5472 वर करायचं आणि शेवटी नेमकं निम्मं. निम्मं करताना रेघेची कड थोडी करडी होते, ती चालते. त्यानंतर फाइलला कोणी ताणायचं नाही. त्याने कागदावर लिहून घेतलं: "साईज मत छेड़ना".

13 ऑगस्ट, बुधवार

नाहीतरी सगळं नव्याने करायचंच आहे, तर रेघा तिरप्या करू. आडव्या रेघांत आणखी एक खोट होती: डोळे आणि ओठ आडवेच असतात, नेमके दोन रेघांच्या फटीत सापडले की मिटतात. एका काकांचा डोळा असाच गेला होता. छापखान्यात काळ्या शाईची जाळी पूर्वीपासून 45 अंशांत लावतात, कारण तिरपी रेघ नजरेला कमी टोचते.

आडवी टाइल 45 अंशांत फिरवली, मधला चौकोन कापला. प्रत्येक टाइलच्या जोडावर शिवण दिसते. फिरवलेल्या रेघा चौकोनाच्या काठावर पूर्ण आकड्यात संपत नाहीत. दीड तास कापाकापी करून सोडून दिलं.

मग 24 बाय 24 ची टाइल थेट तिरपीच काढली. तेच 24 करडे आकडे, प्रत्येकाची एक तिरपी रेघ, पेन्सिल, शिफ्ट-कंट्रोल धरून वरच्या काठापासून डाव्या काठापर्यंत. भरून पाहिलं तर निम्मी टाइल रिकामी, फोटोभर त्रिकोणी पताका! लक्षात आलं ते असं: रेघ डाव्या काठाला संपत नाही. पाचव्या चौकटीतून निघालेली रेघ डावीकडे बाहेर पडली की उजव्या काठावर, एक घर खालून, पुन्हा आत शिरते आणि तळाशी जाते. म्हणजे प्रत्येक आकड्याचे दोन तुकडे, फक्त मधल्या मोठ्या कर्णाचा एकच. एकूण 47 रेघा. रांगोळीच्या ठिपक्यांसारखं मोजत बसले. आई म्हणाली, "एवढ्या वेळात हाताने काढून झाली असती."

24 ची तिरपी टाइल म्हणजे रेघांमधलं खरं अंतर 17 पिक्सेल. 144 डीपीआयला तेच 3 मिलिमीटर. आकडा जुळला तेव्हा इतका आनंद झाला की फाइल सेव्ह करायची राहिली आणि गिम्प बंद पडलं. 47 रेघा पुन्हा. दुसऱ्या वेळी वीस मिनिटांत झाल्या.

15 ऑगस्ट, शुक्रवार

सुट्टी. दुपारी 1 फूट बाय 1 फूट तुकडा छापून आणला, 50 रुपये. लहर नाही. भिंतीवर लावून मागे सरकत गेले: दोन पावलांवर नुसत्या रेघा, सहा पावलांवर चेहरा.

काकांना नमुना व्हॉट्सॲपवर पाठवला, लगेच घाबरा फोन: "अगं, हे सगळं लहरतंय, पुन्हा पैसे गेले का?" व्हॉट्सॲपने फोटो लहान केला की त्या रेघा पुन्हा नको त्या मापात येतात. फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवला आणि बोटांनी मोठा करून बघा म्हटलं. मग शांत झाले.

17 ऑगस्ट, रविवार

पॅनलखालच्या नावांच्या पट्ट्या. प्रत्येक 2 फूट बाय 4 इंच, त्यावर आईच्या महेश्वरी साडीच्या पदराचे पट्टे: तीन रंगीत, दोन पांढरे, मध्ये जरीच्या बारीक ओळी.

पदर स्कॅनरवर ठेवला. स्कॅनमध्ये साडीत नसलेलीच नक्षी उमटली, कारण विणीचे धागे आणि स्कॅनरच्या ओळी एकमेकांत अडकतात. दोनदा तिरका ठेवून पाहिला, नक्षी बदलते, जात नाही. शिवाय आई दर वेळी दारात उभी: "घडी मोडू नकोस." स्कॅन सोडला. पट्टी घेऊन पदर मिलिमीटरमध्ये मोजला आणि तेवढे पट्टे गिम्पमध्ये सरळ भरले. रंग मात्र स्कॅनमधून उचलले.

इथे नवा घोळ. हिरव्याशेजारची एक पिक्सेलची मरून ओळ जेपीजीत मातकट तपकिरी झाली. जेपीजी काढताना उजेड पूर्ण ठेवतात, पण रंग दोन-दोन पिक्सेलचा मिळून एक करतात. गिम्पच्या एक्स्पोर्टमध्ये सबसॅम्पलिंग 4:2:0 च्या ऐवजी 4:4:4 केलं तर ओळ वाचते. मी भानगडच नको म्हणून सगळंच पीएनजीत दिलं, त्यात रंग असे मिसळत नाहीत.

20 ऑगस्ट, बुधवार

सात पॅनल तयार, एकाला दीड तास. भाचा कॉलेजातून आला, खांद्यावरून पाहत म्हणाला, "मावशी, फिल्टर्समध्ये डिस्टॉर्ट्स, तिथे न्यूजप्रिंट आहे ना?"

आहे. ब्लॅक ऑन व्हाइट, पॅटर्न लाइन, पीरियड (रेघांमधलं अंतर) 17, कोन 45. दोन मिनिटं. जवळजवळ तेच चित्र.

मी काही वेळ काही बोलले नाही. मग चहा केला.

दोन्ही शेजारी ठेवून पाहिलं. न्यूजप्रिंटनेही फोटोची तयारी चुकत नाही: लेव्हल्स, ब्लर, 25-230, चेहरा 12 सेंटिमीटर, शेवटचं माप, सगळं तसंच लागतं. वेळ वाचतो तो फक्त टाइलचा. उरलेली पाच पॅनल न्यूजप्रिंटने केली, एकाला अर्धा तास, तोही बहुतेक अंगठा आणि ट्यूबलाइट पुसण्यात. ग्रुप फोटोंच्या भोवतीच्या फिकट पार्श्वभूमीला मात्र माझीच टाइल वापरली, तिथे मला करड्या मऊ रेघा हव्या होत्या आणि न्यूजप्रिंट फक्त काळं-पांढरं देतं. (असं मी भाच्याला सांगितलं. 47 रेघा दोनदा काढल्यात हेही खरं.)

23 ऑगस्ट, शनिवार

बाराही छापून आले. एक पुन्हा छापावा लागला, 90 रुपये. त्यात चूक माझी: शेवटी निम्मं करताना 1872 च्या जागी 1827 टाइप केलं. फाइल रुंदीत अडीच टक्के लहान, दुकानात ती न ताणता छापली कारण मीच तसं लिहून दिलं होतं. एका बाजूला अर्ध्या इंचाहून थोडी जास्त पांढरी पट्टी.

26 ऑगस्ट, मंगळवार

हरतालिका, अर्धं मंडळ उपाशी, त्यात पाऊस. चौकटी कनातीला बांधल्या. खालच्या दोन दोऱ्या फार ओढल्याने फ्लेक्स तिरका ताणला गेला आणि एका राजाचं तोंड वाकडं झालं. रेघांच्या पॅनलवर ताण लगेच दिसतो, साध्या फोटोवर इतका दिसला नसता. चारी कोपरे सोडून, समोरासमोरचे थोडे थोडे कसले.

28 ऑगस्ट, गुरुवार

काल आरतीनंतर लोक कनातीकडे वळले आणि सगळ्यांनी पहिल्यांदा मोबाइल काढले. मोबाइलच्या पडद्यावर सगळ्या पॅनलवर लहरी! ग्रुपवर तसेच फोटो, खाली विचारणा: "प्रिंट बिघडली का?" आज जमिनीवर, पॅनलपासून सहा पावलांवर, चुन्याची रेघ मारली आणि तिथूनच झूम करून फोटो काढा म्हणून पाटी लावली. बऱ्याच मोबाइलवर लहर जाते, काहींवर नाही.

7 सप्टेंबर, रविवार

काल विसर्जन, आज उतरवाउतरव. हिशोब: फुकट गेलेले चार पॅनल 360, नमुना 50, बारा पॅनल 1080, पुनर्छपाई 90, बारा चौकटी 1320, नावांच्या पट्ट्या विनाइलवर 320, रिक्षा 240. एकूण 3460, उरले 540. वेळ साधारण पन्नास तास, त्यातले तीस 20 तारखेच्या आधी.

फाइली तीन प्रकारांनी ठेवल्यात: मूळ फोटो, ब्लर-लेव्हल्स केलेला करडा, आणि छापलेला. पुन्हा छापायचं झालं, दुसऱ्या मापात, तर मधलाच उघडायचा आणि रेघा नव्याने भरायच्या. छापलेला लहान-मोठा करायचा नाही. काकूंनी त्यांचा ग्रुप फोटोचा पॅनल घरी नेला, आणि अल्बम पुण्याहून दिवाळीत येतोय म्हणे.